जुन्या ट्रकचा डॅशबोर्ड तडकलाय, घरीच कसा सांधावा?

डाळिंबवाला_सांगोला

नमस्कार मंडळी. घरचा सहाचाकी ट्रक आहे, २००४ चं मॉडेल. वडिलांनी नुसती चासी आणि काऊल (केबिनचा फक्त पुढचा सांगाडा) घेतलं होतं, केबिन आणि हौदा नंतर बॉडीवाल्याकडून बांधून घेतला. आजही सीझनला आमचं आणि शेजारपाजारचं डाळिंब याच गाडीतून पुण्याच्या मार्केट यार्डात आणि वाशीला जातं. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे सगळं ठणठणीत आहे.

डॅशबोर्डची अवस्था मात्र बघवत नाही. मीटरच्या शेजारून क्लीनरच्या बाजूला दीड वीत तडा गेलाय. त्याचा एक फाटा खाली रेडिओच्या खाचेपर्यंत उतरलाय. क्लीनरच्या बाजूचे, ज्यातून बोल्ट जातात ते दोन कान तुटलेत. त्यामुळे खड्डा आला की अख्खं पॅनल उडतं, मीटरचा काटा थरथरतो आणि रात्रभर खडखड चालू. ड्रायव्हरदादा गेली कित्येक वर्षं आमच्याकडे आहेत, कधी तक्रार करत नाहीत, पण त्यांनाच तो आवाज ऐकत गाडी हाकावी लागते.

केबिन बाहेर बांधलेली असल्याने तयार डॅशबोर्ड कुठल्याच दुकानात मिळत नाही. गॅरेजवाले म्हणतात चिकटपट्टी मारा आणि वर रेग्झिन चढवा. मला ते पटत नाही. सध्या गाडी उभी आहे, घरी ड्रिल आहे, छोटा ग्राइंडर आहे. काम नीट करायचंय. कशाने जोडू? आतून की बाहेरून? आणि रंग की रेग्झिन?

हायवे_४८

तड्यात इन्स्टंट गोंद सोडायचा, वरून खाण्याचा सोडा भुरभुरायचा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. पॉलिशपेपर मारला की विषय संपला. आमच्याकडे बंपरच्या क्लिपा, आरशाचे स्टँड असेच जोडतात.

पॉलिमर_पुणे

हायवेभाऊ, आरशाच्या स्टँडला ते चालेल, इथे नाही. सोडा टाकला की तो गोंद कडक होतो हे खरं, पण त्याचबरोबर ठिसूळही होतो. ट्रकचा डॅशबोर्ड सतत थरथरत असतो आणि दुपारी तापून संध्याकाळी थंड होतो. ठिसूळ जोड अशा ठिकाणी सांध्याच्या अगदी कडेने सुटतो, आणि पुढच्या वेळी तिथे नवा गोंद धरत नाही कारण जुना आत झिरपलेला असतो.

डाळिंबवाले, गोंद विचारण्याआधी डॅशबोर्ड कशाचा आहे ते बघा. सगळा खेळ त्यावर आहे. जुन्या गाड्यांत साधारण चार प्रकार दिसतात.

एबीएस हे कडक प्लास्टिक. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, किंचित मेणचट लागतं. तिसरा थर-थरांचा: वर पीव्हीसीची कातडी, मध्ये फोम, खाली कडक सांगाडा, हा जास्त करून पिकअप आणि कारमध्ये. चौथा फायबर, म्हणजे काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन.

पॅनल काढून पाठ बघा. कंपनीच्या साच्यातलं असेल तर बाणांसारख्या दोन खुणांमध्ये इंग्रजीत एबीएस, पीपी किंवा पीपी-टी२० असं कोरलेलं सापडेल. टी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, भरलंय. काही नसेल तर पाठीमागे, दिसणार नाही अशा जागी ॲसिटोनचा एक थेंब सोडा. एबीएस लगेच चिकट होतं. पीपीला काही होत नाही. तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का बघा असंही बरेच जण सांगतात, पण टाल्क भरलेलं पीपी पाण्यापेक्षा किंचित जड असू शकतं, म्हणून त्या परीक्षेवर विसंबू नका.

आणि तुटलेल्या कडेत पांढरे तंतू दिसले तर बाकी काही तपासायची गरजच नाही, तो फायबर.

डाळिंबवाला_सांगोला

तुटलेला कान हातात घेऊन बघितला. कडेला पांढरे बारीक धागे आहेत, नखाने ओढले की सुटतात. मागची बाजू खरखरीत आणि विटकरी रंगाची. कुठेही खूण नाही. म्हणजे फायबरच ना?

बॉडीवाल्यांची_लेक

फायबरच. आणि ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. चारही प्रकारांत घरी सगळ्यात भक्कम दुरुस्त होतो तो हाच. आमच्या शेडमध्ये काऊलवर केबिन बांधायचो तेव्हा डॅशबोर्ड साच्यातून मॅट (काचेच्या तंतूंची चटई) आणि रेझिन घालूनच काढायचो. त्यामुळे ज्या मालाचा तो बनला, त्याच मालाने तुम्ही तो सांधणार आहात.

तुमच्या ‘आतून की बाहेरून’ला माझं उत्तर एकच आहे: आतून. बाहेरून जे कराल ते फक्त दिसण्यासाठी. ताकद मागच्या थरात असते. पुढून कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी मागे नवीन मॅट नसेल तर तडा त्याच रेषेने परत उघडणार.

पण त्याआधी एक सांगा, तडा सुरू कुठून होतोय? मीटरजवळ आधी कधी काही स्क्रूने बसवलं होतं का?

डाळिंबवाला_सांगोला

होय! केबिनचा छोटा पंखा. दोन स्क्रूने डॅशबोर्डवरच बसवलाय. तुम्ही विचारल्यावर जवळून पाहिलं, तडा बरोबर पुढच्या स्क्रूच्या भोकातून निघतो. दुसरा फाटा रेडिओच्या खाचेच्या काटकोनी कोपऱ्यातून.

बॉडीवाल्यांची_लेक

झालं तर मग. पंखा, देवाच्या फोटोची चौकट, अगरबत्तीचा स्टँड, मोबाईलचा हात, हे सगळं लोक थेट डॅशबोर्डात स्क्रू मारून बसवतात. फायबर तिथे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. पंखा फिरताना भोकाच्या कडेला सतत हिसके बसतात आणि तिथून केसासारखी चीर निघते. रेडिओची खाच करवतीने काटकोनात कापलेली असणार, त्या कोपऱ्यातही ताण साठतो. पंखा आता छताच्या पट्टीवर किंवा काचेच्या खांबाच्या लोखंडावर हलवा आणि रेडिओच्या खाचेचे कोपरे गोल कानशीने गोलसर करून घ्या. कारण तसंच ठेवून सांधलं तर शेजारून नवा तडा जाईल.

आता काम, क्रमाने सांगते.

पॅनल काढून गार पाण्याने आणि साबणाने धुवा, वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं दरवेळी बदलून. हे घासण्याच्या आधी करायचं. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. आधी घासलं तर ते ओरखड्यांत घुसतं आणि शेवटी रंग मारताना रंग फाटून वाटोळे खड्डे पडतात. तेव्हा लोक रंगाला दोष देतात.

तडा संपतो त्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडा. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. पाणी चिरेत राहतं आणि खरं टोक दिसतं. प्रत्येक फाट्याच्या टोकाला असं भोक हवं. तडा तिथे थांबतो.

मग पुढची बाजू जुळवून घ्या. तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत आणून पुढून रुंद ब्राऊन पॅकिंग टेप ओढून लावा. त्या टेपला पॉलिएस्टर रेझिन चिकटत नाही, त्यामुळे आतून झिरपलेलं रेझिन तिथेच अडतं आणि नंतर टेप सहज सुटते. वळणाच्या जागी पॅनल उघडत असेल तर लाकडी पट्टी आडवी लावून क्लॅम्प करा.

आता उलटं करा. तड्याच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन इंच जागा ४० किंवा ६० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, जुन्या थराचे तंतू उघडे दिसेपर्यंत. चकाकी राहिली तर नवीन थर खपलीसारखा निघून येतो. तड्याजवळ जास्त खोल, बाहेर जाताना उथळ, असा उतार ठेवा.

मॅट ४५० ग्रॅमची घ्या, म्हणजे चौरस मीटरला तेवढं वजन. दोन थर पुरे. पहिला तुकडा लहान, दुसरा त्याहून मोठा. कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेल्या कडेचे तंतू विस्कटून जुन्या थरात मिसळतात, कापलेल्या कडेची पायरी राहते. रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट धरा. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, रेझिनच्या एक ते दोन टक्के; तुमच्याकडे सांगोल्याचं ऊन आहे, एक टक्काच घ्या आणि भल्या सकाळी काम करा. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवू नका. डब्यात जास्त रेझिन राहिलं की ते स्वतःच तापतं, धुरकटतं आणि हातात असतानाच घट्ट होतं.

ब्रशने ओढायचं नाही, टोचत टोचत दाबायचं. मॅट पांढरी दिसते तोवर ती सुकी आहे. पारदर्शक झाली म्हणजे रेझिन प्यायली. हवेचे बुडबुडे कडेकडे ढकलून काढा.

तुटलेल्या कानांसाठी वेगळं करा. जुना तुकडा जागेवर ठेवून त्यावरून मॅटचे चार-पाच थर घ्या आणि मधल्या थरात मोठा लोखंडी वॉशर पुरा. बोल्टचा दाब तो वॉशर पसरवतो. घट्ट झाल्यावर ड्रिल मारा.

आता महत्त्वाचं. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव) कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दुकानात कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागा, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. वास रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाचा असतो, काम उघड्यावर किंवा वारा वाहत्या शेडमध्ये करा, घरात नाही. आणि साधा कापडी मास्क वाफेला अडवत नाही, कार्बनच्या डब्यांचा मास्क घ्या. घासताना काचेची धूळ अंगाला चावते: पूर्ण बाह्या, हातमोजे, नंतर गार पाण्याने अंघोळ. गरम पाण्याने खाज वाढते.

वायरमन_नगर

ताईंनी छान सांगितलं. पण पॅनल काढायच्या आधीचं मी सांगतो, तिथेच गाडी बंद पडते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल पहिली काढा. मोबाईलवर मागच्या वायरिंगचे भरपूर फोटो घ्या. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेपचा तुकडा लावून पेनने लिहा. जुन्या गाडीत वायरींचे रंग उन्हाने उडून सगळे सारखेच दिसतात, रंगावर भरवसा ठेवू नका. स्पीडोमीटरची केबल मीटरच्या पाठीमागे हाताने फिरवून सुटते, पकडीने नाही. इंजिन बंद करायची ओढायची केबल डॅशबोर्डातून जात असेल तर ती आधी मोकळी करा.

आणि गाडीला एअर ब्रेक आहे का? जुन्या गाडीत हवेच्या मीटरला थेट नळी येते. टाकीत हवा असताना ती नळी सोडायची नाही. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, टाकीची हवा पूर्ण सोडा, काटा शून्यावर आला की मगच नळीला पाना लावा. काही गाड्यांत ऑईल प्रेशरच्या मीटरलाही तेलाची बारीक नळी येते. तिथे खाली फडकं धरा, तोंड टेपने बंद करा. परत बसवताना नळ्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डॅशबोर्डचं काम म्हणता म्हणता तुम्ही ब्रेकच्या हवेला हात लावलेला असतो हे विसरू नका.

पॅनल बाहेर आहे तोवर मागच्या वायरी बघून घ्या. चिरलेल्या पॅनलच्या धारेवर घासून इन्सुलेशन गेलेलं मला दर दुसऱ्या-तिसऱ्या गाडीत दिसतं. जिथे वायर फायबरमधून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, घाला.

निवडुंग

मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ. माझ्याकडे २००१ ची पिकअप आहे, इथे हिलाच ट्रक म्हणतात. डॅशबोर्ड तडकणं हा इथला नेहमीचा विषय, कारण ऊन. टेंपी शहरात याचं मोजमाप झालंय, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं: उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सियस झाली, पण डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ अंशांवर राहिला. तापमान ऐकलं की लोक हवेचा विचार करतात, खरा मार डॅशबोर्ड खातो.

माझा पॉलिमररावांनी सांगितलेला तिसरा प्रकार: वर कातडी, आत फोम. यात पीव्हीसी मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जातं. काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो त्यात तेही असतं. कातडी आकसते, कडक होते आणि मग फाटते. याच्यावर कडक लांबी भरली तर खालचा फोम दबतो, लांबी दबत नाही, आणि कडेला परत चीर. म्हणून मी तड्याच्या कडा तिरप्या कापल्या, वर उचललेला भाग कापून टाकला, आत लवचीक युरेथेन भरलं, त्यावर लवचीक फिलर, मग दाणेदार पोताचा फवारा आणि व्हिनाइलचा रंग. ठीक दिसतं, पण डाळिंबवाल्यांच्या फायबरसारखं भक्कम कधीच होणार नाही. अनेक जण इथे तयार एबीएसची टोपी, म्हणजे डॅशबोर्डवर बसणारं कवच, आणून सिलिकॉनने चिकटवतात. स्वच्छ काम आहे.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. गाडीला एअरबॅग असेल तर क्लीनरच्या, म्हणजे प्रवाशाच्या बाजूच्या झाकणावर आणि त्याच्या शिवणीवर काहीही भरू नका, चिकटवू नका, रंगाचा जाड थर देऊ नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं. आणि पॅनल उघडण्याआधी बॅटरी काढून गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठलेली असते. तिथे तडा असेल तर तो घरचा विषय नाही.

हायवे_४८

निवडुंगभाऊ, माहितीबद्दल आभार, एअरबॅगचं डोक्यातच नव्हतं. एक शंका: तुटलेले कान थ्रीडी प्रिंट करून मिळतात आता. ते नाही का चालणार?

पॉलिमर_पुणे

कशाचं प्रिंट आहे त्यावर. गल्लीतल्या दुकानात जास्त करून पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. वरचे ६९ अंश वाचलेत ना? कान उन्हाळ्यात लोंबेल. एएसए (एबीएससारखंच प्लास्टिक) किंवा एबीएसमध्ये छापून घेतलं तर टिकेल. एबीएस साधारण १०५ अंशांपर्यंत आकार धरून राहतं. हाच नियम पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीलाही (दोन भाग कालवून लावायचा गोंद) लावा. घरच्या तापमानाला पिकलेली साधी इपॉक्सी पन्नास-साठ अंशांनंतर सैल पडू लागते. इपॉक्सी वापरायचीच तर हळू पिकणारी, आणि जास्त उष्णता सोसते असं पाकिटावर लिहिलेली घ्या.

आता डाळिंबवाल्यांसाठी एक हिशोब, कारण बोल्ट आवळताना सगळे इथेच गफलत करतात. तुमचा डॅशबोर्ड दोन मीटर रुंद धरू, आणि पहाटेपासून दुपारपर्यंत त्याचं तापमान ४० अंशांनी वाढतं असं धरू. खालचं लोखंड तेवढ्यात सुमारे १ मिलिमीटर वाढतं. फायबर सुमारे अडीच मिलिमीटर. एबीएसचा डॅशबोर्ड असता तर जवळजवळ ७ मिलिमीटर. हा फरक कुठेतरी जायला हवा. सगळे बोल्ट करकचून आवळले तर तो तड्याच्या रूपाने बाहेर येतो.

म्हणून मधला एक बोल्ट पक्का ठेवा, तिथून पॅनल दोन्हीकडे वाढू दे. टोकांकडच्या कानांची भोकं आडवी लांबट करा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला ६ बाय १० चं लांबट भोक छान. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, त्यावर रुंद लोखंडी वॉशर, आणि नायलॉनचं कडं असलेला नट. नट रबर किंचित दबेपर्यंतच आवळायचा. नायलॉनमुळे तो थरथरीने सुटत नाही, त्यामुळे जोर लावायची गरज नाही. खडखड या रबराने जाईल, रेझिनने नाही.

रातराणी

मी ड्रायव्हर हाय, सोलापूर-मुंबई लाईनवर. वर सगळ्यांनी मजबुतीचं सांगितलं, माझी विनंती रंगाची. डॅशबोर्डला चमकणारा रंग मारू नका. काळा किंवा गडद राखाडी, एकदम मॅट, म्हणजे बिनचमकीचा. चमकदार डॅशबोर्डाचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. दुपारी समोरचा रस्ता पांढरट दिसतो, रात्री समोरून लाईट आली की काचेत दुहेरी दिसतं. डोळं लवकर थकत्यात. काही मालक लाल-पिवळं रेग्झिन लावतात, झालर लावतात, दिसायला झकास, पण घाटात पावसात गाडी चालवणाऱ्याला त्याचा त्रास हुतोय. तुमच्या ड्रायव्हरदादांना विचारून रंग ठरवा.

डाळिंबवाला_सांगोला

रातराणीदादा, मनापासून आभार. हे आम्ही मालक लोकांनी कधी विचारच केला नाही असं आहे. दादांना विचारलं, ते म्हणाले गडद राखाडी, आणि पंखा खांबावर डाव्या हाताला.

कुशनकाका_नाशिक

रेग्झिन चढवायला माझी हरकत नाही, माझा धंदाच तो, पण तडा झाकायला म्हणून चढवू नका. फायबर खाली हलत राहिला की वरचं रेग्झिन त्याच रेषेवर सुरकुततं, मग पांढरी घडी पडते, मग फाटतं. आधी बॉडीवाल्या ताई सांगतात तसं मागून सांधा. मग हौस असेल तर मॅट पोताचं, चमक नसलेलं रेग्झिन घ्या.

सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) साधं वापरलं तर काचेखालच्या भागात उन्हाने सुटतं आणि रेग्झिनला फुगे येतात. उष्णता सोसणारं स्प्रे सोल्यूशन मागा. दोन्ही बाजूंना मारायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्यायचं, मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दाबत जायचं. वळणावर हीट गनने रेग्झिन ऊबदार करून ओढा, घाईने ताणू नका. ताणलेलं रेग्झिन पहिल्या उन्हाळ्यात मागे सरकतं. कडा मागे दोन बोटं तरी वळवून घ्या.

घरी पहिल्यांदा करणाऱ्याला मी रंगच सुचवीन. रेग्झिनला हात बसायला वेळ लागतो, आणि पुढे कधी पॅनल उघडायचं झालं तर रंगाचं पॅनल उघडायला सोपं.

डाळिंबवाला_सांगोला

काम झालं. सगळ्यांना कळवायला आलोय, थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

एअर ब्रेक आहेच. वायरमनभाऊंनी सांगितल्याप्रमाणे हवा सोडली, नळ्यांना खुणा केल्या. पॅनल मागून बघितलं तर स्टार्टरच्या स्विचला जाणारी एक वायर तड्याच्या धारेवर घासून तांबं उघडं पडलेलं होतं. चालत्या गाडीत ते लोखंडाला टेकलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. ती वायर बदलली.

तड्याची टोकं ओल्या फडक्याने सापडली. डोळ्याला दिसत होतं त्याच्या बोटभर पुढे एक टोक निघालं. भोकं पाडली, मागून दोन थर घेतले. सकाळी लवकर, एक टक्का हार्डनर. मॅट पांढऱ्याची पारदर्शक होते ती खूण खरंच उपयोगी आहे, त्यावरून कुठे रेझिन कमी पडलं ते लगेच कळतं. कानांत वॉशर पुरले, भोकं लांबट केली. रेडिओच्या खाचेचे कोपरे गोल केले.

पुढून तड्याला व्ही आकाराची खाच घेतली, आधी तंतू असलेली लांबी, त्यावर बारीक लांबी. १२०, २२०, मग ४०० चा वॉटर पेपर. प्रायमर, आणि मॅट गडद राखाडीचे पातळ हात. पोत मूळ बाजूइतका दाणेदार आला नाही, हात फिरवला तर सांधा कळतो. नजरेला कळत नाही. मला तेवढं पुरे आहे.

यार्डापर्यंतच्या खड्ड्यांतून गाडी जाऊन आली. पॅनल हललं नाही. दादांनी रेडिओ लावला, कारण आता तो ऐकू येतो.

एक प्रश्न राहिला. रंगानंतर डॅशबोर्ड पुसायला काय वापरू? पूर्वीचं चमकवायचं पॉलिश बंद केलंय.

बॉडीवाल्यांची_लेक

वा! वायर सापडली हे ऐकून तर फारच बरं वाटलं. पुसायला ओलं मऊ फडकं आणि थोडा सौम्य साबण, बस्स. सिलिकॉनचं पॉलिश नकोच, चमकही येते आणि पुन्हा कधी दुरुस्ती करायची वेळ आली तर त्रासही. गाडी उभी असेल तेव्हा काचेवर आतून पडदा किंवा पुठ्ठा लावा. त्याने जेवढं आयुष्य वाढतं तेवढं कशानेच नाही.

ऊसतोड_बारामती

उशिरा येतोय, पण माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. माझ्या टेंपोच्या डॅशबोर्डवर पीपी-टी२० कोरलेलं सापडलं. कोपऱ्याला टीचभर तडा आहे. वरची रेझिन-मॅटची पद्धत चालेल का?

पॉलिमर_पुणे

नाही. पीपीला पॉलिएस्टर रेझिन धरत नाही, इपॉक्सीही धरत नाही. लावताना चिकटल्यासारखं वाटतं आणि वाळल्यावर अखंड पापुद्रा निघून हातात येतो. पीपी वितळवूनच जोडायचं.

टोकाला भोक पाडणं इथेही तसंच. मग मागच्या बाजूने तड्यावर व्ही खाच घ्या, साधारण निम्म्या जाडीपर्यंत. भरायला त्याच मालाची कांडी हवी: भंगारात पीपी कोरलेला जुना बंपर मिळतो, त्याच्या अरुंद पट्ट्या कापा. चपट्या टोकाच्या सोल्डरिंग गनने खाचेच्या दोन्ही भिंती आणि पट्टी एकाच वेळी वितळवत पुढे जायचं. पीपी १६५ अंशांच्या आसपास वितळतं. पिवळं किंवा तपकिरी पडायला लागलं तर टोक फार तापलंय, थांबा. जळलेल्या पीपीत ताकद राहत नाही. भिंत न वितळता नुसती पट्टी वितळून वर बसली तर तो जोड नाही, नखाने निघेल.

पट्टी भरून झाली की स्टीलच्या जाळीचा तुकडा त्यावर तापवून अर्धा आत दाबा. तड्याला आडव्या अशा नागमोडी स्टेपल मारणारी हॉट स्टेपलरची हत्यारंही मिळतात, कोपऱ्याला ती जास्त सोपी पडतात. पुढची बाजू तशीच ठेवणार असाल तर काम इथेच संपतं. रंग मारायचा असेल तर आधी पीपीसाठीचा ॲडहीजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात) मारावा लागतो, मग त्याच्या डब्यावर दिलेल्या वेळात त्यावर रंग. कोपऱ्याचा बोल्ट काढून बघा, भोक घट्ट असेल तर तेही लांबट करून घ्या.